अर्ध्या बाटलीचा उपचार

पावसाळा सरून थंडी पडू लागली, की वाईच्या बाजारपेठेतील औषधांच्या दुकानांत लहान मुलांच्या पातळ औषधांना मागणी येऊ लागते. कृष्णाकाठची ही नगरी घाटांची, शास्त्री-पंडितांची आणि विश्वकोशाची म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या शेतमजुराला, किंवा गळीत हंगामासाठी बीड-नगरकडून येऊन भुईंजच्या साखर कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहिलेल्या ऊसतोड कुटुंबाला, तिची ओळख दवाखान्याच्या पायरीवर आणि औषधाच्या दुकानाच्या फळीपाशीच होते. या फळीवर मिळणाऱ्या एका लहानशा बाटलीचा हिशेब मांडून पाहिला, तर आपल्या आरोग्यव्यवस्थेचे पुष्कळसे वर्म त्यात सापडते.

हिशेब साधा आहे. मुलाच्या छातीत जंतुसंसर्ग झाला आहे, असे निदान करून डॉक्टरने अँटिबायोटिकचे पातळ औषध लिहून दिले. समजा, मात्रा ठरली दिवसातून तीनदा पाच-पाच मिलिलिटर आणि मुदत पाच दिवस. एकूण औषध लागले पंचाहत्तर मिलिलिटर. दुकानात बहुधा मिळते ती तीस मिलिलिटरची बाटली, आणि ती दोन दिवसांत संपते. उपचार पुरा करायचा, तर बाप आणखी दोन वेळा बाजारात यावयास हवा. प्रत्येक खेपेला औषधाचे पैसे, एस. टी. चे भाडे आणि बुडालेली मजुरी त्याच्या अंगावर पडणार. इकडे दुसऱ्या दिवशीच मुलाचा ताप उतरलेला असतो, ते खेळूही लागलेले असते. अशा वेळी दुसरी बाटली घेतली जात नाही, यात नवल ते काय? या बापास अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः त्याने त्याच्यासमोरच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी अचूक केलेली असते. चूक आहे ती आकडे मांडणाऱ्या व्यवस्थेची.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. उपचार किती दिवसांचा असावा हे डॉक्टरने आजार पाहून ठरवायचे असते. अनेक आजारांत पूर्वीपेक्षा थोड्या दिवसांचा उपचारही पुरतो, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. परंतु विचारपूर्वक ठरवलेला थोड्या दिवसांचा उपचार वेगळा, आणि पैसे संपले म्हणून मधेच थांबलेला उपचार वेगळा. पहिल्यात निर्णय शास्त्राचा असतो. दुसऱ्यात तो बाटलीच्या आकाराचा असतो.

औषधांच्या किमतींवर सरकारचे नियंत्रणच नाही, असे म्हणता येणार नाही. अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची अँटिबायोटिके अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार त्यांची कमाल किंमत बांधली जाते. पण ती बांधताना उत्पादनखर्च विचारात घेतला जात नाही. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या उत्पादनांच्या किमतींची सरासरी काढून तीत दुकानदाराचा सोळा टक्के नफा मिळवला जातो. म्हणजे बाजाराने जी किंमत ठरवली तिच्यावरच सरकारने शिक्का मारायचा! शिवाय बाटली किती मिलिलिटरची असावी आणि उपचार किती दिवसांचा, यांची सांगड घालण्याचे काम हा आदेश करीत नाही. औषधाच्या बाजारात निवड डॉक्टर करतो, विक्री दुकानदार करतो, पैसे बाप देतो आणि औषध गिळते मूल. अशा बाजारात ग्राहक आपले हित आपणच पाहून घेईल, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातील गृहीतक लागू पडत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की या बाटलीची गरज कोणाला आहे? सर्दी, वाहणारे नाक, साधा खोकला आणि बहुतेक ताप हे विषाणूंमुळे येतात; त्यांवर अँटिबायोटिकचा काडीमात्र उपयोग होत नाही. मुलांच्या बहुतेक जुलाबांनाही ते लागत नाही. तेथे क्षारसंजीवनीचे पाणी आणि झिंक हेच खरे औषध. याउलट न्यूमोनियात अँटिबायोटिकला एका दिवसाचा उशीर झाला तरी मूल दगावू शकते. हा भेद ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी मोठे यंत्र लागते असे नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या श्वासांकडे पाहावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस वा अधिक असतील, तर ती धोक्याची खूण समजावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, मुलाने दूध वा पाणी न घेणे, झटके येणे, मूल गुंगीत पडून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी औषध पाजत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील आजारी बाळाच्या बाबतीत तर दुसरा विचारच नको.

सामान्य माणसे हे करू शकतात, याचा पुरावा याच महाराष्ट्राने जगास दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना आणि निरक्षर दाईंनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास आणि को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक मापाने देण्यास शिकवले. आकडे न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचे श्वासमापक तयार केले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू हजारी ८.१, तर तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते. शहरातून तज्ज्ञ येण्याची वाट न पाहता, योग्य औषध योग्य मात्रेत योग्य हाती दिल्याने निम्म्याहून अधिक मृत्यू टळले. गरिबांच्या हाती औषध देणे धोक्याचे, असे मानणाऱ्यांनी हे आकडे अवश्य पाहावेत.

परंतु योग्य मात्रा हीच येथे कळीची बाब आहे. लहान मुलाची मात्रा वयावरून अंदाजाने ठरवायची नसते. ती वजनावरून ठरवायची असते. एकाच वयाच्या दोन मुलांत, विशेषतः कुपोषणाच्या छायेत वाढणाऱ्या वस्तीत, वजनाचे मोठे अंतर असते. म्हणून औषध लिहून घेण्यापूर्वी मुलाचे वजन झाले की नाही, हे आईने विचारलेच पाहिजे. पुढचा घोटाळा नावांच्या साम्यामुळे होतो. एकाच औषधाची एक बाटली पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमची आणि दुसरी २५० मिलिग्रॅमची असते. नाव तेच, खोके सारखेच. तान्ह्या बाळांसाठी थेंबांच्या रूपात मिळणारे अमॉक्सिसिलिन तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम इतके तीव्र असते. पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमच्या सिरपपेक्षा ही तीव्रता चौपट झाली. थेंबांची बाटली सिरपसारखी चमच्याने पाजली तर काय होईल, हे सांगावयास नको. चिठ्ठीवरील आकडा आणि बाटलीवरील आकडा दुकानातच जुळवून पाहणे, न कळल्यास दुकानदाराकडून मिलिलिटरमध्ये मात्रा बाटलीवर लिहून घेणे, हा आग्रह प्रत्येक पालकाने धरावा.

चमच्याचा विषयही असाच. स्वयंपाकघरातील चहाचा चमचा कधी तीन मिलिलिटरचा, तर कधी सातचा असतो. ‘एक चमचा’ या मोघम मापाने एका घरी मात्रा अपुरी पडते आणि दुसऱ्या घरी जास्त होते. बाटलीसोबत येणारे खुणांचे झाकण वा छोटे माप, किंवा सुई नसलेली पिचकारी, हीच खरी मापे. माप सपाट जागी ठेवून, खूण डोळ्यांच्या रेषेत आणून औषध ओतावे. ज्वारीचे माप सपाट करून घेण्याबाबत काटेकोर असणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना ही गोष्ट समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाही. सांगणारा माणूस तेवढा हवा.

बहुतेक पातळ अँटिबायोटिके दुकानातून पातळ स्वरूपात येतच नाहीत. बाटलीत कोरडी भुकटी असते आणि ती घरी पाण्यात कालवायची असते. पाणी उकळून पूर्ण गार केलेले असावे. गरम पाण्याने औषध बिघडते. प्रथम बाटली आपटून भुकटी मोकळी करावी, खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून जोराने हलवावे, फेस बसू द्यावा, आणि मग बाटलीवरील रेषेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवावे. फेसालाच पाण्याची पातळी समजून थांबले तर औषध दाट होते. रेषेच्या वर पाणी घातले तर ते पातळ होते. ‘जरा जास्त दिवस पुरेल’ म्हणून पाणी वाढवणे म्हणजे दुधात पाणी घालण्यासारखेच आहे. येथे फसगत स्वतःच्याच मुलाची होते. भुकटी पाण्यात विरघळत नाही, ती तरंगत राहते आणि काही वेळाने तळाशी बसते. म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवूनच औषध ओतावे. न हलवता दिलेल्या पहिल्या मात्रांत मुलाच्या पोटात गोड पाणी जाते, आणि अखेरच्या मात्रांत गाळासारखे तीव्र औषध.

पाणी घातल्या क्षणापासून औषधाचे आयुष्य दिवसांनी मोजले जाते. बाटलीवरील सूचना हाच प्रमाण नियम. बहुतेक औषधांच्या बाबतीत ही मुदत सात दिवसांची, काहींच्या बाबतीत त्याहून कमी असते. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी. दोन-तीन बाटल्या एकदम आणल्या असतील, तर सर्वांत एकदम पाणी घालू नये. एक संपल्यावर दुसरी कालवावी. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिसळलेले अमॉक्सिसिलिन पाणी घातल्यानंतर शीतकपाटात, म्हणजे दोन ते आठ अंशांतच ठेवावे लागते. बाहेर उष्णतेत त्याचा गुण झपाट्याने उतरतो. मुदत संपल्यावर उरलेले औषध टाकून द्यावे. पुढच्या आजारासाठी किंवा धाकट्या भावंडासाठी ते राखून ठेवू नये. टाकतानाही ते मोरीत ओतून अखेर कृष्णेत सोडू नये. माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे. नदीतल्या जंतूंना थोडे थोडे औषध पाजून बळकट करण्याचे काम माणसाने हाती घेण्याचे कारण नाही.

आता प्रश्न असा, की उसाच्या फडाशेजारील कोपीत शीतकपाट कोठून यावे? तेथे उकळून गार केलेले पाणी, सपाट जागा, उजेड यांचाही तुटवडा असतो. बाटलीवरील सूचना बहुधा इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. या सूचना पक्के घर, नळाचे पाणी, वीज आणि शिक्षण गृहीत धरून लिहिलेल्या आहेत. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याने सूचना पाळल्या नाहीत असा ठपका ठेवणे हा दुटप्पीपणा होय. यावर शास्त्राकडे उत्तर आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळणारी अमॉक्सिसिलिनची गोळी उपलब्ध आहे. मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना याच गोळीचा पुरस्कार करते. तिला शीतकपाट लागत नाही, बाटली फुटत नाही, भुकटी कालवण्यात चूक होत नाही, वाहतूक स्वस्त पडते आणि पाच दिवसांच्या गोळ्या एका पुडीत मोजून देता येतात. ज्या वस्तीत शीतकपाट नाही तेथे सिरपऐवजी ही गोळी चालेल का, असे डॉक्टरला विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या ‘सांस’ मोहिमेत तर रुग्णालयात धाडण्यापूर्वी अमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा आशा कार्यकर्तीने द्यावी, अशी तरतूद आहे. ती प्रत्येक आशाताईच्या पिशवीत प्रत्यक्ष पोचली आहे का, हे गावोगाव तपासण्याजोगे आहे.

औषध सुरू असताना काय पाहावे, हेही लोकांना ठाऊक हवे. अंगावर गांधी उठणे, ओठ वा चेहरा सुजणे, श्वास लागणे ही औषध न सोसल्याची चिन्हे होत. औषध तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे, आणि त्या औषधाचे नाव कायमचे लिहून ठेवून पुढे प्रत्येक डॉक्टरला सांगावे. थोडे पातळ शौचास होणे नेहमीचे. तेवढ्यावरून औषध बंद न करता पाणी व क्षारसंजीवनी देत राहावी. शौचातून रक्त पडल्यास मात्र डॉक्टरला दाखवावे. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. दूध भरलेल्या बाटलीत औषध मिसळू नये. मुलाने निम्मे दूध टाकले, तर किती औषध पोटात गेले हे कोणालाच कळत नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही, किंवा मूल अधिकच मलूल झाले, तर औषध आपल्या मनाने बदलू नये. पुन्हा तपासणी करून घ्यावी.

घराने एवढे सारे केले, तरी एक गोष्ट घराच्या हाती मुळीच नसते. बाटलीत जे आहे असे लिहिले आहे, तेच तीत आहे का? पातळ औषधांचा इतिहास या बाबतीत रक्ताने लिहिलेला आहे. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून गोड सिरप म्हणून विकले गेले आणि शंभरावर माणसे मेली. त्यातूनच तेथील १९३८ चा औषधविषयक कायदा जन्मास आला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणी औषध प्रशासन, पुरवठादार आणि सत्ताधारी यांच्या साटेलोट्यावर विदारक प्रकाश टाकला. आणि तरीही २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपातील त्याच विषाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. ही दोन्ही भारतीय प्रकरणे अँटिबायोटिकची नव्हेत. तथापि सिरप कोणतेही असो, त्याची शुद्धता तपासणे हे आईचे काम नव्हे, ते शासनाचे काम आहे. औषध निरीक्षक आणि प्रयोगशाळा यांवरील खर्च हा अनुत्पादक खर्च मानणाऱ्या अंदाजपत्रकांनी या मृत्यूंचा जमाखर्च एकदा मांडावा.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकू नये, असा कायदा आहे. मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ या परिशिष्टानुसार सेफिक्झिमसारख्या औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने ठेवायची असते. तीत डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहून ती तीन वर्षे जपायची असते. वेष्टनावरील लाल रेघेचा अर्थ लोकांस समजावा म्हणून २०१६ साली मोहीमही निघाली. कायदा असूनही ‘मागच्या वेळचीच बाटली द्या’ म्हटल्यावर औषध मिळते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जेथे तपासणीचे पैसे देणे परवडत नाही तेथे दुकानदार हाच डॉक्टर होतो. म्हणून केवळ दुकानांवर धाडी घालून हा प्रश्न सुटणार नाही. जवळचा, फुकट आणि विश्वासाचा सरकारी दवाखाना हाच त्यावरील खरा उपाय.

अँटिबायोटिकची ताकद ही गावच्या गायरानासारखी सामायिक मालमत्ता आहे. प्रत्येकाने गरज नसताना आपली गुरे घातली, की गायरान उजाड होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात अपुऱ्या मात्रेमुळे पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू निपजतील, असा इशारा दिला होता. तो खरा ठरला. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. परंतु गायरान उजाड केले कोणी? विनाकारण महागडी अँटिबायोटिके लिहिणारे काही डॉक्टर, त्यांना भुलवणाऱ्या कंपन्या, कोंबड्यांच्या खाद्यात औषधे मिसळणारे व्यापारी आणि औषधी सांडपाणी नदीत सोडणारे कारखानदार हे सर्व नामानिराळे राहतात, आणि दोष जातो अर्धी बाटली पाजणाऱ्या मजुराकडे. एकीकडे नको तेथे अँटिबायोटिकची उधळपट्टी आणि दुसरीकडे हवे तेथे टंचाई, हे आपल्याकडील चित्र आहे. डॉ. अनंत फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नेमका सातारा जिल्हाच अभ्यासासाठी घेऊन औषधांचा पुरवठा व वापर तपासला, तेव्हा हीच विसंगती पुढे आली होती.

ही विसंगती अटळ नाही. वाईहून पसरणीचा घाट चढून गेले, की पाचगणीस क्षयरोग्यांसाठी १९१२ साली सुरू झालेले बेल-एअर आरोग्यधाम लागते. हवा आणि विश्रांती यांवाचून क्षयावर दुसरा इलाज नव्हता, तेव्हाची ही संस्था. पुढे औषधे आली, पण रुग्ण ती मधेच सोडत. यावर सुधारित राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने १९९७ पासून काढलेला तोडगा मननीय आहे. रुग्णाच्या नावाची पेटी तयार करायची, तीत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचे सारे औषध भरायचे, आणि मगच पहिली मात्रा द्यायची. उपचार मधेच तुटण्याचे एक मोठे कारण व्यवस्थेनेच दूर केले. जे सहा महिन्यांच्या क्षयोपचाराला साधले ते पाच दिवसांच्या न्यूमोनियाला का साधू नये?

साधनांचा अभाव हेही कारण सांगता येणार नाही. अँटिबायोटिकची सार्वजनिक निर्मिती या देशात सुरू झाली ती महाराष्ट्रातच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९७५ साली हाथी समितीने अत्यावश्यक औषधांच्या निर्मितीत सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान देण्याची दिशा दाखवली. ती दिशा सोडून सरकारे उलट वाटेने चालत गेली, आणि २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीचा कारखाना विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. दुसरीकडे तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून सरकारी दवाखान्यांना नियमित पुरवठा करून दाखवला. महाराष्ट्राने असे प्राधिकरण कायद्याने निर्माण करण्यास २०२३ साल उजाडावे लागले. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हे स्वागतार्ह आहे. पण केसपेपर फुकट आणि औषध मात्र ‘बाहेरून आणा’, असे होत असेल, तर ते निःशुल्कपण कागदावरचेच ठरेल.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिन गोळ्यांचा साठा वर्षभर असावा. मुलाचे औषध एकदम पूर्ण मुदतीचे मोजून द्यावे. सिरप द्यायचे तर सोबत खुणांचे माप द्यावे आणि पहिल्या बाटलीत पाणी तेथेच घालून दाखवावे. बाटलीवरील सूचना मराठीत, चित्रांसह आणि वाचता येतील अशा अक्षरांत असाव्यात. बाटलीचा आकार प्रचलित उपचाराच्या मुदतीशी जुळवण्याची अट उत्पादकांवर घालावी. गळीत हंगामात ऊसतोडीच्या तळांवर आरोग्यपथकाची ठरलेल्या दिवशी फेरी व्हावी, आणि तिच्या खर्चात साखर कारखान्यांनी आपला वाटा उचलावा. औषध निरीक्षकांच्या रिक्त जागा भराव्यात, आणि सिरपांच्या तपासणीचे निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत.

मोर्चा आणि निवेदन यांपलीकडे कार्यकर्त्यांना या विषयात आजच करता येण्याजोगे काम आहे. हातात घड्याळ आणि पाच मिलिलिटरचे एक माप घेऊन वस्तीत बसावे. श्वास कसे मोजायचे, रेषेपर्यंत पाणी कसे घालायचे, बाटली का हलवायची, हे आयांना करून दाखवावे. आरोग्य केंद्रात औषध नसेल, तर त्या दिवसाची तारीख आणि औषधाचे नाव वहीत लिहावे. अशा वीस वह्या घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यासमोर उभे राहिले, की त्याला ‘पुरवठा सुरळीत आहे’ असे म्हणून वेळ मारून नेता येत नाही. मोजणे हे केवळ औषधाचे शास्त्र नाही. लोकशाहीत ते सामान्य माणसाच्या हातचे साधनही आहे.

औषधाची पूर्ण मात्रा हा आजारी मुलाचा हक्क आहे. अर्धी बाटली पाजून थांबलेल्या आईला उपदेश करण्यापूर्वी, उरलेले औषध तिच्या हाती ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती, हे विचारले गेले पाहिजे.